सात मिनिटांचं मानपत्र

"ह्यात आमचे मालक कुठं हायत?" केरामावशींनी विचारलं.

मी वाचायचा थांबलो. ओल्या शाईचं मानपत्र दोन्ही हातांत धरून मी चांगला सूर लावला होता. 'हे कर्तव्यदक्ष कर्मयोगी! हे सेवेच्या मंदिरातील अखंड नंदादीपा!' इथवर आलो होतो आणि माझा मलाच गहिवर येत होता.

"कुठं म्हणजे? हे काय, पहिल्याच ओळीत आहेत. श्रीयुत सुबराव बाळा मदने."

"ते नाव झालं. माणूस कुठं हाय?"

केरामावशींना अक्षर वाचता येत नव्हतं. शेंगांची पिशवी मांडीवर घेऊन त्या माझ्या छापखान्याच्या उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांचे मालक सुबराव म्हणजे आमच्या गावच्या हायस्कुलाचे शिपाई. एकोणतीस वर्षं नोकरी करून ते त्या ऑगस्टअखेर निवृत्त होत होते. नेमके त्याच दिवशी हेडमास्तर भोसेकर सरही निवृत्त होत होते. कमिटीनं ठरवलं होतं की सरांना शाल, श्रीफळ आणि मानपत्र, आणि सुबरावांना टॉवेल, टोपी, नारळ. ते ऐकून केरामावशी उठल्या आणि थेट माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, "सायबांना कागद, तसा आमच्या मालकांनाबी एक कागद पायजे."

मी लगेच हो म्हटलं. यात माझ्या मनाचा मोठेपणा काही नव्हता. त्या काळी आमच्या भागातल्या चाळीस गावांत मानपत्र छापायचं तर ते माझ्याकडंच, आणि माझ्याकडं मानपत्र एकच होतं. अक्षरांचे शिशाचे खिळे एक एक उचलून सबंध पान जुळवायला दोन दिवस जायचे, म्हणून मी एकदाच झकास मजकूर जुळवून, सुतळीनं बांधून फळीवर ठेवून दिला होता. कुणी निवृत्त झालं की सुतळी सोडायची, नाव बदलायचं, पुन्हा बांधायचं. मूळचं ते गुरांच्या डॉक्टरांसाठी जुळवलेलं. त्यात 'मुक्या जिवांच्या वेदना आपण जाणल्या' अशी एक ओळ होती, ती काढायची राहून गेली. पुढं ती सोसायटीच्या चेअरमनांना गेली, पोस्टमास्तरांना गेली. तलाठ्याला तर ती इतकी आवडली की त्यानं ती सभेत दोनदा वाचून घेतली.

"मावशी, मानपत्र असंच असतं," मी म्हणालो. "त्यात जोर लागतो."

"जोर लागू द्या की. पर मला एक सांगा, नरूभाऊ, ते कर्तव्य का काय म्हनला, ते तलाठ्याच्या कागदात व्हतं का न्हाई?"

"होतं."

"मग काढा ते. तलाठी आमच्या दारात वर्साला एकदा येतो, तेबी शेंगा न्यायला. आन् ते नंदादीप?"

"ते पोस्टमास्तरांना..."

"काढा. जे दुसऱ्या कुनालाबी लागू पडंल, ते समदं काढा."

मी खिळे उचलायचा चिमटा घेतला आणि काढत सुटलो. कर्मयोगी गेला, नंदादीप गेला, चंदनाप्रमाणे झिजणं गेलं, मुकी जनावरं गेली. शेवटी नाव आणि तारीख राहिली.

"तारीख तरी ठेवू का?" मी विचारलं.

"ती सायबाचीबी हाय न्हवं?"

मला हसू आलं, पण मावशी हसत नव्हत्या. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "लेकीच्या लग्नात व्याह्यांनी इचारलं, पाव्हनं काय करत्यात? हे म्हनले, घंटा बडवतो. समदा मांडव हसला. हेबी हसले. घरी आल्यावर पान्याचा तांब्या हातात तसाच धरून मला म्हनत्यात, केरा, एकुनतीस वर्सं मी निसती घंटाच बडवली व्हय गं? मला काय सांगता येईना. तेवढ्याचं उत्तर पायजे मला. छापून."

"पण मावशी, सुबराव शाळेत करतात तरी काय?"

"मला काय ठावं? मी कधी शाळंत गेले न्हाई. तुमी जावा आन् बघा."

शेंगांची पिशवी तिथंच ठेवून त्या निघून गेल्या.

त्याच दुपारी भोसेकर सर त्यांच्या मानपत्राचं प्रूफ तपासायला आले. धोतराचा सोगा हातात, बंद गळ्याच्या कोटाच्या खिशात साखळीचं घड्याळ. सरांनी मला मराठी शिकवलेलं. उपमा, रूपक, उत्प्रेक्षा, सगळे अलंकार त्यांनी माझ्या पाठीवर छडीनं कोरले होते. मी छापखाना काढला त्याचं श्रेय माझे वडील मला देत आणि मी सरांना.

सरांनी प्रूफ नाकाजवळ धरून वाचलं. मग चष्मा काढला.

"नरहर, जोर कुठाय?"

"सर, आठ उपमा आहेत."

"आठ आहेत, पण एकही पेट घेत नाही. 'आपण वक्तशीरपणाचे सूर्य आहात.' हे काय झालं? सूर्य ढगाआड जातो. मी कधी गेलो? लिही, 'सूर्यही कधी ढगाआड जातो, आपण मात्र नाही.' याला व्यतिरेक म्हणतात. विसरलास वाटतं? मग एक प्रश्न टाक. 'ज्या शाळेच्या घंटेवर अवघा गाव घड्याळ लावतो, त्या शाळेच्या शिल्पकारास आम्ही काय द्यावे?' याचं उत्तर द्यायचं नाही. प्रश्नातच उत्तर असतं. आणि शेवटी 'वेळ! वेळ!! आणि वेळच!!!' पहिल्याला एक उद्गारचिन्ह, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन."

"सर, सहा होतील. एवढी माझ्याकडं..."

"कुठूनही आण."

उद्गारचिन्हांचं माझ्याकडं कायमच दुर्भिक्ष. आमच्या भागात उद्गारचिन्हाशिवाय माणूस मेल्याचंसुद्धा कुणी खरं मानत नसे. लग्नसराईत त्यांचा खण असा रिकामा व्हायचा की मी दंडाचे, म्हणजे उभ्या रेघेचे, खिळे कानशीनं घासून त्यांच्याखाली टिंब बसवायचो. अशा दोन उद्गारचिन्हांवर मी एका आमदाराचा सत्कार पार पाडलेला आहे. पण सरांचं मानपत्र म्हटल्यावर मी छापखाना झाडून काढला आणि होती नव्हती ती सगळी त्यात बसवली.

सर गर्विष्ठ होते असं मात्र समजू नका. वेळ हे त्यांचं दैवत होतं. चौदा वर्षांपूर्वी हेडमास्तर झाल्या झाल्या त्यांनी नियम केला की अकराची घंटा झाली की फाटक बंद. बाहेर राहील त्याची गैरहजेरी, मग तो सरपंचाचा मुलगा का असेना. आणि सरपंचाचा मुलगा पहिल्याच वर्षी खरंच दोनदा बाहेर राहिला होता. गावात घड्याळं मोजकीच, तीही सगळी शाळेच्या घंटेवर लावलेली. पंचायतीचा रेडिओ कधी कधी अकरा वाजल्याचं आधीच सांगून टाकायचा. आम्ही म्हणायचो, मुंबईच्या माणसांना सगळ्याचीच घाई. तालुक्याला जाणारी अकराची गाडी आमच्या नाकासमोरून सुटायची. त्या ड्रायव्हरविरुद्ध गावाच्या वतीनं मी स्वतः एक अर्ज लिहिला होता. 'आमच्याच गावावर हा अन्याय का? का? का?' त्या अर्जाचं उत्तर आलं नाही. ड्रायव्हर मात्र पुढच्या वेळी मला बघून हसला आणि वेळेवर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मी शाळेत गेलो. पाऊस भुरभुरत होता. सुबराव व्हरांड्यात घंटेखाली उभे होते. खांद्यावर घोंगडी, डोक्याला टोपी, हातात घंटेची दोरी. पोरं फाटकातून लोटत होती. मी खांबाला टेकून बघत राहिलो, की हा माणूस काय करतो. तो काहीच करत नव्हता. नुसता उभा होता.

भिंतीवरच्या मोठ्या घड्याळात अकराला मिनिट राहिलं, तरी सुबराव तिकडं वळले नाहीत. त्यांची नजर शाळेसमोरच्या डोंगराच्या खिंडीवर होती.

"सुबराव, घड्याळ मागं आहे तुमच्या," मी म्हणालो.

"ठावं हाय."

"मग तिकडं काय बघताय?"

"पोरं मोजतोय. सा... सात... आठ. एक कमी हाय."

मी डोळे बारीक केले. खिंडीतून पोत्याच्या खोळी पांघरलेली पोरं उतरत होती. खिंडीच्या पलीकडं ठोंबरेवाडी. तिथून शाळा दोन कोस, आणि उतार असा की पावसात बकरीसुद्धा विचार करून पाय टाकते.

"भामी ऱ्हायली," सुबराव पुटपुटले. "शेळीला पाला टाकून निघती, म्हनून मागं पडती. ही बघा, आली."

एक खोळ घसरत, सावरत, पुन्हा घसरत खाली आली. फाटकातून आत शिरली. सुबरावांनी दोरी ओढली. ठण्ण! भिंतीवरच्या घड्याळात बरोबर अकरा. ऑफिसच्या दारातून भोसेकर सर बाहेर आले, हातातलं घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "वा, सुबराव! काट्यावर काटा."

"व्हय, सायेब," म्हणत सुबराव फाटक लावायला गेले.

परत आले तेव्हा मी त्यांना आडोशाला घेतलं. तालुक्याची गाडी घंटेआधीच ओढ्यापलीकडं दिसेनाशी होताना मी त्या व्हरांड्यातूनच बघितली होती.

"सुबराव, हे घड्याळ किती मागं आहे?"

"कुठलं घड्याळ?"

"सांगा हो. मी कुणाला सांगणार नाही."

हे वाक्य मी आयुष्यात इतक्या जणांना म्हटलं आहे की आमच्या गावात ते बातमी पसरवायचं साधन म्हणून ओळखलं जातं. पण सुबराव भला माणूस. टोपी काढून त्यांनी डोकं खाजवलं.

"आता पाऊस हाय, तवा अकरा मिंटं. एरवी सात."

"आणि रोज सकाळी घड्याळ लावण्यासाठी पंचायतीचा रेडिओ ऐकायला जाता ते?"

"जातो की. रेडिओ ऐकतो. वजा करतो. लावतो." ते खाली उकिडवे बसले. "आवो, आदी मी काट्याला हात लावत नव्हतो. सायबांनी फाटकाचा नियम केला, त्या सालात वाडीच्या चार पोरी घरी बसल्या. घरचे म्हनले, रोज जाऊन फाटकाभायेरच उभं ऱ्हायाचं, तर शेळ्या काय वाईट? मी सायबांना सांगाय गेलो. सायेब म्हनले, सुबराव, घड्याळ कुनासाठी थांबत न्हाई. मी घरी आलो. दोन दीस इचार केला. म्हनलं, घड्याळाला किल्ली तर मीच देतो की."

मी बघतच राहिलो. तेरा वर्षं सबंध गाव, त्यातली लग्नं, औषधाच्या वेळा, भांडणं आणि मी, सगळे एका शिपायाच्या वजाबाकीवर चाललो होतो. माझं लग्न साडेबाराच्या मुहूर्तावर लागलं असं मी सगळीकडं सांगत होतो. आता बायकोला काय सांगायचं, हा वेगळाच प्रश्न पडला.

"सुबराव, हेच मानपत्रात घालतो!"

ते ताडकन उठले. "आईशप्पत नको! सायेब त्या वेळंवरच जगल्यात. चौदा वर्सं तेंनी माझ्या घंटंवर भरवसा ठेवला. आन् निरोपाच्या दिवशी, भर सभंत, तेंच्या तोंडावर पानी वतू? टोपी-टावेल बास झालं मला. केरीला म्हनावं, गप ऱ्हा."

आता माझी पंचाईत बघा. एका फळीवर सरांचं मानपत्र, त्यात सहा उद्गारचिन्हं लावून 'वेळ! वेळ!! आणि वेळच!!!' दुसरीकडं केरामावशींना हवं होतं ते उत्तर, आणि ते असं की छापलं तर पहिल्या मानपत्राचा तमाशा होणार. सभा एकच, व्यासपीठ एकच आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे दोन्ही वाचणारा लिहिणाराच, म्हणजे मी.

दोन दिवस मी खिळे जुळवत आणि मोडत होतो. 'हे घंटानादाच्या सम्राटा' असं एकदा जुळवलं आणि केरामावशींचा चेहरा आठवून मोडलं. 'आपली घंटा म्हणजे जणू' इथपर्यंत एकदा आलो. जणू काय? घंटा म्हणजे घंटा. जोर आणायला गेलो तर उद्गारचिन्हांचा खण रिकामा. होती तेवढी सगळी सरांच्या पानात आवळून बसली होती. तिसऱ्या दिवशी मी चिडून फक्त जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच जुळवलं. नऊ ओळी भरल्या. छापून मावशींना वाचून दाखवायला त्यांच्या घरी गेलो.

त्यांनी ऐकलं. मग म्हणाल्या, "सायबांच्या किती रेघा हायत?"

"चव्वेचाळीस."

"आन् ह्या नऊ." त्यांनी पदर सारखा केला. "असू द्या. ह्यातलं मी काय काढनार न्हाई."

समारंभ एकतीस तारखेला चार वाजता शाळेच्या अंगणात होता. अध्यक्ष म्हणून जिल्ह्याहून शिक्षण खात्याचे एक साहेब आले होते. मनगटावर घड्याळ, कपाळावर आठ्या. ते चारला आले तेव्हा मंडपात कुत्रं आणि मी असे दोघेच होतो. अकरा मिनिटांनी गाव लोटला. भोसेकर सर लगबगीनं पुढं झाले.

"आपण आम्हाला चारची वेळ दिली होती," साहेब म्हणाले.

"आणि चारच वाजलेत, साहेब," सरांनी भिंतीकडं बोट केलं. "आपलं घड्याळ थोडं पुढं आहे. या शाळेचं घड्याळ चौदा वर्षांत चुकलेलं नाही."

व्यासपीठाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या सुबरावांनी मान खाली घातली. मी पायांतल्या चपलेकडं बघितलं. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ कानाला लावलं आणि मुकाट्यानं काटा मागं घेतला. सरांचा दरारा एवढा होता.

मग मी सरांचं मानपत्र वाचलं. खोटं कशाला सांगू, मी मंडप हलवला. 'आम्ही काय द्यावे?' या प्रश्नाला मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं 'चहा!' असं उत्तर दिलं, तेवढं सोडलं तर एकही उपमा वाया गेली नाही. 'वेळच'ला मी टेबलावर मूठ आपटली. टाळ्या थांबेनात. सर डोळे मिटून बसले होते, छडी न उगारता.

मग सुबरावांना टॉवेल-टोपी दिली. लोक उठायला लागले. मी म्हणालो, "बसा. आणखी एक कागद आहे." सुबराव दचकले. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की हातात घंटा असती तर डोक्यात घातली असती. मी वाचायला लागलो.

'श्री. सुबराव बाळा मदने यांस.
एकोणतीस वर्षे आपण शाळेची घंटा दिली.
आपण घंटा दिली, तेव्हा ठोंबरेवाडीची मुले आत होती.
पाऊस होता, तरी आत होती.
खिंडीत चिखल होता, तरी आत होती.
धाकटी मागे पडली, तरी आत होती.
शेळीला पाला टाकून निघाली, तीही आत होती.
आपण घंटा दिली, तेव्हा फाटकाबाहेर कुणी नव्हते.
तेरा वर्षांत एकदाही कुणी नव्हते.'

मी कागद खाली केला. टाळी पडली नाही. एकही नाही. मला वाटलं, फसलं. मग माझं लक्ष मंडपाच्या मागच्या कडेला गेलं. तिथं ठोंबरेवाडीची माणसं बसली होती, चप्पल हातात घेऊन, कारण आमच्या मंडपात त्यांना कुणी पुढं बोलवत नसे. त्यातला एक जण उभा राहिला. मग त्याच्या शेजारची बाई. मग सगळेच. नुसते उभे राहिले.

भोसेकर सरांनी डोळे उघडले होते. त्यांनी हात पुढं केला. मी मानपत्र त्यांना दिलं. सरांनी ते नाकाजवळ धरून वाचलं, पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा त्यांचं बोट शेवटच्या दोन ओळींवर थांबलं. मराठीचा मास्तर तो. कागदावर काय नाही ते त्याला दिसायला वेळ लागणार नव्हता. त्यांनी समोर खिंडीकडं बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं, मग साहेबांच्या मनगटाकडं.

"किती?" त्यांनी हळूच विचारलं.

सुबराव पुढं झाले. "सायेब... पावसात अकरा. एरवी सात."

"कधीपासून?"

"तुमी फाटकाचा नियम केला, त्याच्या दुसऱ्या सालापासनं."

माईक नव्हता, तरी पुढच्या दोन रांगांना ते ऐकू गेलं आणि मागच्या रांगांना पुढच्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. सुबराव हात जोडून उभे होते. सर उठले. त्यांचं भाषण तासाभराचं असणार याची गावानं तयारी ठेवली होती, बायकांनी पोरांना शेंगदाणे देऊन ठेवले होते.

"साहेब," सर अध्यक्षांना म्हणाले, "आपलं घड्याळ बरोबर आहे. आपण वेळेवर आलात. उशिरा आम्ही आलो. तेरा वर्षं आम्ही उशिरा येतो आहोत." ते थांबले. "आणि हे मला कळलं नाही, याचं मला..."

एकेका गोष्टीला चार चार प्रतिशब्द सांगणारा माणूस, पण त्या वाक्याला त्यांना एकही मिळाला नाही. मग ते सुबरावांकडं वळले. इतकी वर्षं ते त्यांना 'अरे सुबराव' म्हणत आले होते.

"सुबराव, तुम्ही बसा," ते म्हणाले आणि आपली खुर्ची पुढं ओढली.

सुबराव बसेनात. तेवढ्यात वाडीची एक म्हातारी कुणाला न विचारता व्यासपीठावर चढली. तिनं सुबरावांच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "माझी नात मास्तरीन झाली रं बाबा," एवढंच म्हणाली आणि आली तशी उतरली. मग टाळ्या पडल्या. साहेबांनी त्या गडबडीत आपलं घड्याळ गुपचूप पुन्हा अकरा मिनिटं पुढं केलं.

केरामावशी बायकांच्या घोळक्यात ताठ बसल्या होत्या. मी जवळून जाताना त्यांनी माझ्या सदऱ्याची बाही ओढली. "तेंच्या तोंडाकडं बघितलंत का, नरूभाऊ?" त्या म्हणाल्या. "पोचलं."

गोष्ट इथं संपली असती तर मीही सुखी झालो असतो. पण सोमवारी नवे हेडमास्तर आले. तरुण, हुशार, सोबत स्वतःचा ट्रान्झिस्टर. त्यांनी पहिलं काम केलं ते घड्याळ बरोबर लावायचं. नवा शिपाई बबन खरात काट्यावर घंटा देऊ लागला. मी आयुष्यात पहिल्यांदा अकराची गाडी पकडायला वेळेत निघालो, तर नेमकी गाडीच उशिरा आली, आणि थांब्यावरून शाळेच्या फाटकाबाहेर पोत्याच्या नऊ खोळी पावसात उभ्या असलेल्या मला दिसल्या. मंगळवारी आठच होत्या. त्या दुपारी कळलं, की भोसेकर सर नव्या हेडमास्तरांना भेटून आले होते. नवे हेडमास्तर अगदी नम्रपणे म्हणाले होते, "सर, नियम आपलाच आहे. मी फक्त घड्याळ दुरुस्त केलं."

बुधवारी पुन्हा गाडीला निघालो. अकराला मिनिट होतं. शाळेच्या व्हरांड्यात घंटेखाली भोसेकर सर उभे होते. एका हातात मिटलेली छत्री, दुसरा हात बबनच्या खांद्यावर. बबन त्यांचाच विद्यार्थी.

"बबन, अतिशयोक्ती म्हणजे काय?"

"सर, घंटा द्यायची..."

"घंटा कुठं पळून जाते? अतिशयोक्तीची व्याख्या सांग."

"सर, वस्तू आहे त्यापेक्षा... फुगवून..."

"फुगवून! फुगवून हा शब्द तुला कुणी शिकवला? मी शिकवला? उदाहरण दे. नाही येत? बरं, मी देतो. पण त्याआधी उत्प्रेक्षेशी तिचं नातं काय, हे बघावं लागेल."

आतून नवे हेडमास्तर मनगट बघत बाहेर आले. आपल्या जागी आधी बसलेला वयोवृद्ध गुरू अलंकार शिकवतो आहे, त्याला मधेच तोडायचं कसं? ते दारातच घुटमळले. सरांनी त्यांच्याकडं वळून हसून मान हलवली. "या, आपणही ऐका. सगळेच विसरतात हे." आणि ते सुरू झाले. उपमेला रूपक, रूपकाला दृष्टान्त, एका दृष्टान्ताच्या पोटात दुसरा. शाळेत असताना मी त्यांचं इतकं लांबलेलं वाक्य कधी ऐकलं नव्हतं. त्यात सागर आला, मेरू पर्वत आला, आकाशाचा कागद आला. बबन दोरी धरून उभा. हेडमास्तर एका पायावरून दुसऱ्या पायावर. आणि बोलता बोलता सरांचे डोळे मात्र बबनच्या डोक्यावरून पलीकडं लागलेले. ओठांच्या आत काहीतरी मोजणं चाललेलं.

मी पिशवी खाली ठेवली. गाडी गेली तर गेली.

शेवटची खोळ घसरत, धावत आली आणि फाटकातून आत शिरली. सरांनी वाक्य तिथंच अर्ध्यावर सोडलं.

"हं," ते बबनला म्हणाले, "दे आता."